डबा आणि नदी

प्रवासवर्णनांत सूर्योदय पानोपानी भेटतो; पण त्या शुभवेळी लेखकमहाशय स्वतः कुठे बसले होते, हे कोणी सांगत नाही. आज मी तेच सांगणार आहे. फराळाचे ताट पुढ्यात असेल तर वाचकांनी ते आधी संपवावे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅनियन ही प्रचंड घळ कोरली आहे. आम्ही सोळाजण तीतून वल्हवत गेलो, सोळा दिवस. दोहों बाजूंना उभे कडे, मुक्कामाला वाळूचे चिंचोळे पट्टे. १८६९ साली पॉवेल हा एक हात गमावलेला मेजर पहिल्याने इथून उतरला. पुढची शंभर वर्षे रीत एकच : वाळूत खड्डा करावा, उरकावे, बुजवावे. वर्षाचा पूर येई, सारे धुऊन नेई आणि नवी वाळू पसरी. पण १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅनियनचे धरण अडवले. पूर थांबले, वाळू धरणात अडकली. आणि माणसे नेमकी तेव्हाच वाढली. १९७२ साली सोळा हजारांवर लोक या घळीतून गेले. त्या कोरड्या वाळूत काही लवकर कुजत नाही. तंबूची मेख ठोकायला जावे तो खाली कोणाचा तरी ऐवज!

तेव्हा नियम झाला : जे आपले, ते आपण परत न्यायचे. लष्कराने मोडीत काढलेल्या दारूगोळ्याच्या पत्र्याच्या पेट्या कामी आल्या. सुरुवातीला वर बैठक नसे. कडांचे दोन वळ बसणाऱ्यावर उठत, म्हणून पेटीचे नाव पडले ‘ग्रूव्हर’, खाचा पाडणारी. बैठक आली, नाव राहिले. पाच-सहा पेट्यांत आमच्या तांड्याचे भागले. पेटीत पाणी नको, त्यामुळे टमरेलवाल्यांची जराशी पंचाईतच.

आणि लघवी? ती थेट नदीत! आपल्या मनाला हे रुचत नाही. पण एवढ्या मोठ्या प्रवाहात ती विरते, पाऊस नसलेल्या वाळूत मात्र तिची दुर्गंधी साचते. लहान ओढ्यावर हाच नियम उलटा : पाण्यापासून सत्तर पावले दूर, आणि खड्डा वीतभर खोल.

खरा प्रश्न वेगळाच. पेटी उचलायची कोणी? पाळीपाळीने सर्वांनी. मला कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन आठवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. नाकारले तेव्हा अन्नसत्याग्रह मांडला, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. ब्राह्मणाने मैला उचलावा, हे सरकारलाही झेपेना! आपल्याकडे १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात उतरून मेलेल्या माणसाची बातमी येतेच, आणि त्याची जात विचारावी लागत नाही. तिकडे नदीवर जात नव्हती, फक्त यादी होती.

यादीत माझे नाव चौथ्या दिवशी होते, जोडीला एक निवृत्त न्यायाधीश. सगळे सामान चढले, शेवटची हाक झाली, मग आम्ही झाकण आवळले आणि दोन कड्या धरून पेटी होडीवर नेली. चांगलीच जड होती. अशा तांड्यांत उलट्या-जुलाबांची साथ झपाट्याने पसरते, म्हणून साबणाच्या बादलीवर कडक पहारा असतो. न्यायाधीशांनी हात धुतले, मी धुतले. दोघांनी मिळून दोर बांधला.