खिशांतलें अभय

भय वाटणें हा मनुष्याचा दोष नव्हे. भयावरचा उतारा बाजारांत विकत मिळतो असें मानणें हा मात्र दोष होय. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं हा उतारा ताइताच्या रूपानें दंडास बांधला जाई. हल्लीं तो पोलादाचा झाला असून पुरुषांच्या खिशांत आणि स्त्रियांच्या पर्समध्यें राहूं लागला आहे. 'लपवून बाळगण्यास सोयीचें लहान पिस्तूल कोणतें?' या एका प्रश्नावर अमेरिकेंत पुस्तकें, मासिकें आणि दुकानदारांचीं सूचिपत्रें यांचा नुसता पाऊस पडत असतो. घड्याळ निवडावें, चष्म्याची चौकट निवडावी, तसें तेथील सभ्य गृहस्थ पिस्तूल निवडीत बसतात.

हें वेड सातां समुद्रांपलीकडचें, त्याची आपणांस काय पंचाईत, असें वाचकांनीं म्हणूं नये. २०२२ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ब्रूएन खटल्यांत निकाल दिला आणि शस्त्र बरोबर बाळगण्यासाठीं विशेष कारण दाखविलेंच पाहिजे, हा न्यू यॉर्क राज्याचा शतकाहून अधिक काळ चालत आलेला नियम मोडींत निघाला. ज्या न्यू जर्सींत पुण्या-मुंबईच्या कितीतरी कुटुंबांनीं बिऱ्हाडें थाटलीं आहेत, तेथील तशाच नियमाचा आधारही त्याबरोबर गेला. तेव्हां हा प्रश्न आतां आपल्या मुला-पुतण्यांच्या घरांत शिरला आहे. आणि खुद्द आपल्या देशांत तो सरकारी कारखान्याच्या हातूनच आला, तें पुढें सांगूं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, 'कोणतें घ्यावें' हा दुकानदाराचा प्रश्न आहे. गृहस्थानें विचारावयाचा प्रश्न वेगळा: शस्त्र लपविल्यानें लाभ कोणाचा होतो?

प्रथम यंत्राची बाजू घेऊं, कारण तिच्यावर अन्याय करून आम्हांस वाद जिंकावयाचा नाहीं. १९०८ सालीं कोल्ट कंपनीनें बंडीच्या खिशांत मावेल असें .२५ बोअरचें पिस्तूल विकावयास काढलें. १९५० सालीं स्मिथ अँड वेसन कंपनीचें पांच गोळ्यांचें आखूड नळीचें रिव्हॉल्वर आलें. २००८ सालीं रुगर कंपनीचें 'एलसीपी' निघालें. रिकामें असतां त्याचें वजन सुमारें २७० ग्रॅम भरतें. २०१८ सालीं सिग कंपनीनें 'पी ३६५' या नांवाच्या, खिशांत मावणाऱ्या पिस्तुलांत ९ मिलिमीटरचीं दहा काडतुसें बसवून दाखविलीं. कारागिरी म्हणून हें सारें कौतुकास्पद आहे, यांत शंका नाहीं.

परंतु निसर्गाचे नियम कारखानदाराच्या ताब्यांत नसतात. गोळी ज्या जोरानें पुढें सुटते त्याच जोरानें शस्त्र मागें ढकललें जातें, आणि शस्त्र जितकें हलकें तितका हा धक्का हातास अधिक झोंबतो. मूठ आखूड, म्हणून करंगळीस जागा नाहीं. नळी आखूड, म्हणून गोळीचा वेग कमी. नेम धरण्याच्या दोन खुणांमधील अंतर थोडें, म्हणून हाताच्या केसभर कंपानें लक्ष्यावर वीतभर चूक होते. बोअर लहान ठेवावा तर मारा दुबळा पडतो. मोठा ठेवावा तर धक्का असा बसतो कीं, दहा गोळ्या झाडून माणूस सराव सोडून देतो. ज्यास सरावाचा कंटाळा तोच लहान पिस्तूल शोधतो, आणि सराव सर्वांत अधिक लागतो तो लहान पिस्तुलासच! जें बाळगण्यास सोपें तें चालविण्यास अवघड, ही गोष्ट या विषयांतले जाणते लोकही कबूल करतात. असें असून दुकानाच्या फळीवर काय दिसतें? नाजूक हातांसाठीं म्हणून सर्वांत लहान व सर्वांत हलकें शस्त्र पुढें केलें जातें. ज्या हातास अधिक आधार हवा त्याच हातांत अधिक धक्का देणारी वस्तू ठेवावयाची आणि त्यास स्त्रीदाक्षिण्य म्हणावयाचें!

आतां आपल्या घरचें उदाहरण पाहूं. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीं दिल्लींत चालत्या बसमध्यें एका तरुणीवर सहा जणांनीं जो अत्याचार केला, त्यानें सारा देश हादरला. वृत्तपत्रांनीं तिला 'निर्भया' म्हटलें. पुढें २०१४ च्या जानेवारींत कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानें स्त्रियांच्या पर्समध्यें मावेल असें .३२ बोअरचें एक हलकें रिव्हॉल्वर बाजारांत आणलें. वजन सुमारें ५०० ग्रॅम, किंमत सुमारें सव्वा लाख रुपये, ठेवावयास दागिन्यांच्या डबीसारखी पेटी आणि नांव 'निर्भीक'. त्या मुलीस मिळालेल्या नांवाचाच तो प्रतिध्वनि होता, हें सांगावयास नकोच.

आम्हांस या नांवाची चीड येते, ती का, हें स्पष्ट सांगतों. जी मुलगी रात्रीं बसची वाट पाहत उभी असते तिच्यापाशीं सव्वा लाख रुपये नसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना मिळविण्यासाठीं ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्यांसाठीं तिला रजा मिळत नाहीं. आणि हें सारें साधलें तरी संकट येतें कोठून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षें सांगत आले आहेत कीं, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहांपैकीं नवांहून अधिक ठिकाणीं आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचाच असतो. तो शेजारी असतो, आप्त असतो, लग्नाचें वचन देणारा असतो. त्याच्यापुढें बसतांना कोणती स्त्री पर्स उघडून सज्ज राहील? बसेस सुरक्षित करणें, रस्त्यांवर दिवे लावणें, तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीस चौकींत माणसासारखें वागविणें आणि खटले वेळेवर निकालांत काढणें हीं शासनाचीं कामें होत. तीं उरकण्याऐवजीं शासनाच्याच कारखान्यानें स्त्रीस 'हें घे आणि निर्भय हो' असें सांगावें, यापरता उपहास तो कोणता?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लपविलेल्या लहान शस्त्राचा इतिहास काय सांगतो? १४ एप्रिल १८६५ रोजीं वॉशिंग्टनच्या नाट्यगृहांत अध्यक्ष लिंकन यांच्या पाठीमागें येऊन मारेकऱ्यानें जें झाडलें, तें फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरनें घडविलेलें, मुठींत झाकेल एवढें, एकाच गोळीचें पिस्तूल होतें. २८ जून १९१४ रोजीं साराजेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्यांतून गोळ्या सुटल्या, तें बेल्जियममध्यें बनलेलें ब्राउनिंग पद्धतीचें लहान पिस्तूल होतें. आणि ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळीं दिल्लींत प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींच्या समोर गर्दींतून जें बाहेर आलें तें इटालियन बेरेटा, तेंही खिशांत मावणारें. या तिन्ही ठिकाणीं शस्त्र लहान असल्याचा पुरेपूर लाभ झाला, आणि तो तिन्ही ठिकाणीं मारणाराला झाला. याचें कारण उघड आहे. केव्हां, कोठें आणि कोणावर, हें त्यास आधीं ठाऊक होतें. लपविण्याचा लाभ वेळ ठरविणाराच्या पदरांत पडतो. स्वसंरक्षण करणाराची वेळ दुसरा ठरवितो.

याविषयीं एका जाणत्याचीच साक्ष काढूं. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसदलांतील डेनिस ट्युलर यांनीं १९८३ सालीं लिहिलेल्या लेखांत दाखवून दिलें कीं, सुरा घेऊन धांवणारा माणूस २१ फुटांचें अंतर सुमारें दीड सेकंदांत तोडतो. आणि कमरेचें पिस्तूल काढून नेम धरण्यास शिकलेल्या माणसासही जवळजवळ तितकाच वेळ लागतो. मग जें पिस्तूल पर्सच्या तळाशीं, किल्ल्या, रुमाल आणि औषधाच्या पुड्या यांच्याखालीं पडलें आहे, त्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

येथें कोणी प्रतिपक्षी हंसून म्हणेल, '१६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराजांनीं वाघनखें लपवून नेलीं नव्हतीं काय?' नेलीं होतीं. आणि हें उदाहरण आमच्याच बाजूचें आहे. भेटीची जागा महाराजांनीं निवडली होती. येणारा कोण व कशासाठीं येतो, याविषयीं त्यांच्या मनांत भ्रम नव्हता. अंगरख्याखालीं चिलखत होतें, भोंवतीं जावळीच्या रानांत फौज दबा धरून बसली होती. त्या एका घटकेसाठीं महिनोन्महिने तयारी झालेली होती. वाघनखें हें त्या तयारीचें शेवटचें टोंक होय. तयारी टाकून नुसतें टोंक खिशांत घालून हिंडणाऱ्यानें महाराजांचें नांव घेऊं नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं झालेल्या शस्त्र कायद्यानें देश नि:शस्त्र केला म्हणून आपल्याच पुढाऱ्यांनीं आवाज उठविला, आणि आतां तुम्ही शस्त्राविरुद्ध बोलतां, हें कसें? उत्तर असें कीं, त्या कायद्यानें गोऱ्यास मोकळीक व काळ्यास बंदी केली होती. तक्रार त्या अपमानाची होती. शिवाय भिंतीवर उघड टांगलेली तलवार आणि कोटाच्या अस्तरांत दडविलेलें पिस्तूल हीं एका जातीचीं शस्त्रें नव्हत. खुद्द अमेरिकेंत हा भेद एके काळीं मानला जात असे. केंटकी व लुइझियाना या राज्यांनीं १८१३ सालींच शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी केली होती. उघड शस्त्र समोरच्यास सावध करतें. लपविलेलें शस्त्र भोंवतालच्या प्रत्येकास संशयित करून सोडतें. ज्या समाजांत प्रत्येकाच्या खिशाविषयीं शंका घ्यावी लागते तेथें अभय नांदतें असें कोण म्हणेल?

आणि घरांत काय घडतें? रोज बरोबर असणारी वस्तू मनुष्य विसरतो, हा त्याचा स्वभाव आहे. २०२३ सालीं अमेरिकेंतील विमानतळांवर प्रवाशांच्या हातांतील सामानांत ६,७३७ शस्त्रें सांपडलीं. शंभरांतील सुमारें ९३ भरलेलीं होतीं. विचारलें असतां बहुतेकांचें उत्तर एकच: 'बरोबर आहे हें विसरूनच गेलों!' प्राण वांचवील म्हणून घेतलेल्या वस्तूची ही आठवण! मोठीं माणसें विसरतात, पण मुलें विसरत नाहींत. २०१४ सालीं तेथेंच एका दुकानांत दोन वर्षांच्या मुलानें आईच्या पर्समध्यें हात घातला, चाप ओढला गेला, आणि आई जागींच गतप्राण झाली. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठींच खास बनविलेली होती.

याहूनही दारुण आंकडा वेगळाच आहे. २०२३ सालीं अमेरिकेंत बंदुकी-पिस्तुलांनीं ४६,७०० हून अधिक माणसें मेलीं. त्यांतील सुमारें २७,३०० जणांनीं स्वत:चाच जीव घेतला होता. चोर-दरवडेखोरांच्या भयानें आणलेलें शस्त्र घरांतल्याच खिन्न माणसाच्या हातीं लागतें. निराशेची ती घटका बहुधा अल्पकाळ टिकते, आणि ती टळली तर बहुतेक माणसें पुढें जगतात. हाताशीं भरलेलें पिस्तूल असलें म्हणजे ती टळण्यास वेळच उरत नाहीं. सूचिपत्रांत वजन असतें, लांबी असते, गोळ्यांची संख्या असते. घरांत कोण उदास आहे, याचा रकाना त्यांत नसतो.

ज्यांस खरोखरच जिवाचें भय आहे, ज्यांवर प्रत्यक्ष धमक्या आल्या आहेत आणि ज्यांस कायद्यानें परवाना दिला आहे, अशा लोकांनीं शस्त्र बाळगूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं लपेल तें घेण्याऐवजीं नीट चालवितां येईल तें घ्यावें, चाप पूर्ण झांकील अशा घट्ट होल्स्टरांत ठेवावें, त्याच्या खिशांत दुसरी कोणतीही वस्तू घालूं नये, महिन्याकांठीं सराव करावा आणि घरीं येतांच तें कुलपांत टाकावें. इतकें कर्तव्य ज्यास जड वाटतें त्यानें शस्त्राच्या वाटेस जाऊं नये.

म्हणून परदेशच्या पुतण्यानें 'काका, कोणतें घेऊं?' असें विचारलें, तर वजनाच्या व बोअरच्या चर्चेंत शिरूं नका. त्यास विचारा: तुला नेमकें कोणाचें भय आहे? सरावास दर महिन्यास वेळ देशील काय? घरांत लहान मूल आहे काय? आणि गेल्या वर्षभरांत तुला किंवा सूनबाईला जगणें नकोसें झालें, अशी एखादी रात्र आली होती काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें त्यानें खरीं दिलीं, तर दुकानांत जावयाचें कीं नाहीं हें त्याचें त्यासच कळेल.