आपल्याच नोंदींना पारखा नागरिक

जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्तिवेतन, या सर्वांची नोंद सरकारी दप्तरात असते. परंतु आपलीच नोंद पाहावयास मागणारा नागरिक कचेरीत आगंतुक ठरतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन घातले. मुलकी सेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्यास कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त प्रकरणी ठरविले. २०११ साली परीक्षार्थीचा स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही मान्य केला.

तरीही ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ ही सबब अर्जदाराच्या माथी मारली जाते. खासगीपणाचे कलम त्रयस्थाच्या कुतूहलास आवर घालण्यासाठी आहे. ज्याची माहिती, त्याच्याच तोंडावर दार लावण्यासाठी नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या कलमातील सार्वजनिक हिताची अट गाळली. आता काळ सोकावण्याचे भय आहे.

चुकीच्या जन्मतारखेने निवृत्तिवेतन अडते, प्रतिकूल शेऱ्याने बढती हुकते. जी चूक दृष्टीसच पडत नाही, ती दुरुस्त व्हावी कशी? म्हणून शासनाने माहिती अधिकाऱ्यांस निःसंदिग्ध आदेश द्यावा, की ओळख पटल्यावर अर्जदाराची स्वतःची नोंद केवळ ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारू नये. विनाकारण विलंबास दिवसाला २५० रुपये दंड कायद्यात आहेच. माहिती आयोगांनी तो करण्यास कचरू नये. दप्तर सरकारचे असले, तरी त्यात लिहिलेले आयुष्य नागरिकाचे आहे.