चिमुकल्यांचा आकाशप्रवास

पूर्वी परदेशी निघालेल्या माणसास निरोप देण्यासाठी अवघे घर बंदरावर जात असे. आता आमच्या गावांतील अनेकांची भाकरी आखाती देशांत आहे, आणि दाबोळीच्या किंवा २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर कडेवर मूल व खांद्यावर पिशवी घेतलेली एकटी माता दिसणे नित्याचेच झाले आहे. तिकडे पती वाट पाहत असतो. बाळाने बापाला पाहिलेले असते ते बहुधा फोनच्या पडद्यावरच. अशा माता आम्हांस एकच प्रश्न विचारतात, ‘‘फादर, विमानात मुलाने आकांत मांडला तर काय करू?’’ म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

मूल विमानात रडते ते पुष्कळदा हट्टाने नव्हे, कानाच्या वेदनेने. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असते, तेव्हा आतील हवा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरील हवेइतकी विरळ असते. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर बसल्यासारखे होते. कानाच्या पडद्यामागील पोकळी एका अरुंद नळीने घशाशी जोडलेली आहे. विमान उतरू लागले की बाहेरील हवेचा दाब वाढतो आणि नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जाऊन दुखू लागतो. लहान मुलांची ही नळी फारच अरुंद असल्यामुळे त्यांस हा त्रास अधिक होतो.

उपाय सोपा आहे. गिळताना ती नळी उघडते. म्हणून विमान वर चढताना, आणि विशेषतः खाली उतरताना, मुलास अंगावर पाजावे, बाटली द्यावी किंवा पेल्यातून घोट घोट पाणी पाजावे. मात्र चाके जमिनीस टेकण्याची वाट पाहू नये. उतरणे सुमारे अर्धा तास आधीच सुरू झालेले असते. हवाई सुंदरीस विचारून ठेवावे, आणि मूल झोपले असल्यास त्या वेळी हळुवार जागे करून बसते धरावे. कानांत कापसाचे बोळे घालण्याची रीत निरुपयोगी आहे, कारण अडचण पडद्याच्या आतील बाजूस असते. कान दुखत असेल किंवा सर्दी जोराची असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे.

आता एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. ‘‘सर्दीचे औषध थोडे पाजा, मूल गाढ झोपेल,’’ असा सल्ला शेजारीण प्रेमाने देते. तो कदापि ऐकू नये. अशा कामी वापरले जाणारे प्रोमेथाझीन दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावू शकते, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ सालीच दिला आहे. शिवाय अशा औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी अधिकच चेकाळतात. रडणारे मूल मातेस थकवील. पण ज्याचा श्वास अडला, त्याचे काय?

बाकीची तयारी घरीच होते. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसते, पुढे त्यास स्वतंत्र आसन घ्यावे लागते. परतीच्या दिवसापर्यंत मूल दोन वर्षांचे होणार असेल, तर तोही हिशेब करावा. मांडीवरच्या मुलासाठी वेगळा छोटा पट्टा मागून घ्यावा. एकाच पट्ट्यात दोघांस बांधणे धोक्याचे आहे. विमानातील हवा कोरडी व गार असते, म्हणून वरचेवर पाणी पाजावे आणि एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे घ्यावे. मुलाचे कपडे दोन जोड जास्त, आणि आईचाही एक. मऊ भात, केळे असे ओळखीचेच खाणे द्यावे. अख्खे काजू, शेंगदाणे व कडक गोळ्या घशात अडकतात, त्या देऊ नयेत. विमानात चढण्यापूर्वी मुलास मनसोक्त दुडदुडू द्यावे. खेळणी एकदम न काढता एकेक काढावी.

सहप्रवाशांसही आमची विनंती आहे. मूल रडले म्हणून मातेकडे रोखून पाहू नका. तिची पिशवी उचलून द्या, तेवढ्याने तिचा अर्धा भार हलका होतो.

आणि शेवटी, पलीकडे वाट पाहणाऱ्या बापांनो! मूल तुम्हांस पाहून आईच्या खांद्यात तोंड लपवील. त्याचा राग मानू नका, हिसकून कडेवर घेऊ नका. खाली बसा, हळू आवाजात त्याचे नाव घ्या. फोनमधला तो आवाज त्याच्या ओळखीचा आहे. थोड्या वेळाने माणूसही ओळखीचा होईल.