आधी सलाम कुणी करायचा?

भवानी पेठेतल्या आम्हा पाच-सहा मित्रांना मासे गरवण्याचा नाद आहे. सुरुवात उजनीच्या पाण्यात झाली. पुढे आमच्यातल्या एकाची सासुरवाडी रत्नागिरीची निघाली आणि खाऱ्या पाण्याची चटक लागली. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि भाट्याच्या खाडीत इंजिनाची होडी ठरवून तांबोशीच्या मागे लागतो. मासा मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर बाजारातून घेऊन येतो. आमच्या घरची चूल त्यावर अवलंबून नाही. ही गोष्ट आम्ही विसरलो होतो, ती दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या माणसाने लक्षात आणून दिली.

त्या दिवशी ओहोटी लागायच्या आत खाडीच्या तोंडाशी पोहोचायचं होतं. पुढे पाण्यावर प्लास्टिकच्या डब्यांची रांग दिसली. खाली जाळं लावलेलं होतं. आमच्या होडीवाल्याने वेग कमी केला आणि तो वळसा घ्यायला लागला. घाई आम्हाला होती. "दोन डब्यांच्या मधून काढ ना, काही होत नाही," असं आमच्यातलाच एक म्हणाला आणि बाकीचे गप्प बसलो. मीही त्या गप्प बसणाऱ्यांत होतो. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं, फाटलं, इंजिन बंद पडलं.

लांबच्या टोकाला वल्ह्याच्या होडीत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते आधीपासून हात हलवत होते, आम्ही पाहिलं नव्हतं. जवळ आल्यावर मी म्हणालो, "चाचा, चूक झाली," आणि नोटा पुढे केल्या. त्यांनी त्या घेतल्या, मोजल्या आणि म्हणाले, "पैसे घेतो. जाळं काही फुकट येत नाही. पण तुम्ही थांबला असतात तर तुमचंही वाचलं असतं, माझंही."

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला. एक मित्र म्हणाला, "पाणी काय कुणाच्या नावावर आहे? सातबारा आहे का त्याचा?" नाही, सातबारा नाही. पण म्हणूनच प्रश्न येतो. शेताला बांध असतो, तो ओलांडला तर दिसतो. पाण्यावर बांध घालता येत नाही, तिथे माणसाची रीतच बांधाचं काम करते.

पाण्यावर अगदीच कायदा नाही असंही नाही. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यातला अठरावा नियम सांगतो की इंजिनावर चालणाऱ्या बोटीने शिडाच्या बोटीला आणि मासेमारीत गुंतलेल्या बोटीला वाट द्यायची. जाळं लावून बसलेल्या माणसाला चटकन बाजूला होता येत नाही, इंजिनवाल्याला होता येतं, एवढं साधं कारण. आणि मासेमारीत गुंतलेली बोट कोणती? जिच्या जाळ्यामुळे किंवा दोरांमुळे तिला हवं तसं वळता येत नाही ती. चालत्या होडीमागे गळ ओढत फिरणारे त्यात येत नाहीत. म्हणजे आमच्या हातात महागड्या काठ्या असल्या तरी 'आम्हीही मासेच पकडतोय' हा दावा तिथे चालत नाही.

हे वाचताना मला लहानपणी मदरशात शिकलेली गोष्ट आठवली. सलाम आधी कुणी करायचा? हदीसमध्ये क्रम दिला आहे: स्वाराने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्त लोकांना. आम्ही तो पाठ केला, परीक्षेत लिहिला. पण त्यातली खूण मला खाडीत कळली. ज्याच्याकडे वेग आहे, ज्याची बैठक उंच आहे, त्याने आधी नमतं घ्यायचं. बसलेल्याने उठून वाट करून द्यावी, अशी अपेक्षा त्यात नाही.

याचा पाण्यावरचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. छोटी होडी दिसली की लांबूनच वेग कमी करावा, कारण आपल्या इंजिनाची लाट तिला जोरात हेलकावते आणि त्या होडीत कुणी पाग फेकायला उभा असू शकतो. डब्यांच्या रांगेला टोकापासून वळसा घालावा. टोक दिसत नसेल तर इंजिन थांबवून विचारावं. कुणी आधीच नांगर टाकून बसला असेल, तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला त्याच्यासमोर बसू नये, आपले दोर वाहत जाऊन त्याच्या दोरांत गुंततात. धक्क्यावर सामानाची मांडामांड करत होडी अडकवून ठेवू नये, मागे कुणाची मासळी लिलावाला थांबलेली असते.

कुणी म्हणेल, मोठ्या पर्ससीन बोटींना सोडून तुम्ही हौशी लोकांना कसले धडे देता? मुद्दा खरा आहे. पर्ससीन मासेमारीवर सरकारने २०१६ मध्ये निर्बंध आणले, जुना १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये कडक केला, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. पण मला त्यातून उलटच दिसतं. समुद्राच्या बाजूने मोठ्या बोटींनी ज्याला किनाऱ्याकडे ढकललं, त्याच्याच उरल्यासुरल्या खाडीत आपण सुट्टीची मजा म्हणून शिरतो. त्याच्यावर दोन्हीकडून इंजिनं यावीत का?

आणि हे फक्त कोकणापुरतं नाही. २१ मे २०२४ रोजी आपल्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. होडीवाला 'आज नको' म्हणाला की विषय संपला. गिऱ्हाइकाच्या आग्रहाला नकार देणं पोटावर चालणाऱ्या माणसाला जड जातं. त्याला तो नकार सोपा करून देणं, हीसुद्धा रीतच आहे. भाट्याला आमचा होडीवाला बरोबर वळत होता. त्याला आम्ही चुकायला लावलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. डबे दिसले तसं इंजिन बंद करायला सांगितलं आणि हात वर केला. समोर वेगळेच कुणी होते, कपाळावर गंध होतं. मी रामराम घातला, त्यांनीही घातला. मग विचारलं, "जाळं कुठवर आहे?" त्यांनी वल्ह्याने दाखवलं. वळसा घालायला आम्हाला पाच मिनिटं लागली.