आधी लिहून तर घ्या!

मोबाइल हिसकावला गेलेल्या कुणालाही विचारा, पोलीस ठाण्यात काय झालं. 'चोरीला गेला' असं सांगायला गेलेला माणूस बहुतेक वेळा 'गहाळ झाला' असा दाखला घेऊन परत येतो. सिमकार्ड बदलून मिळतं. चोरी मात्र सरकारदरबारी घडलेलीच नसते. पोलीस आणि जनता यांच्यातल्या दरीबद्दल आपण लाठीमार आणि कोठडीतले मृत्यू यांच्या संदर्भात बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण बहुतेकांचा विश्वास त्याच्या कितीतरी आधी, ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशीच संपतो.

तिथली वाक्यं ठरलेली आहेत. 'ही आमची हद्द नाही.' 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, संध्याकाळी या.' 'कशाला कोर्टाच्या चकरा मारता, आपसात मिटवा.' फारच अडून बसलात तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. आणि अशा गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करताच येत नाही.

कायदा नाही असं नाही. २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं हद्दीची सबबही काढून घेतली: तक्रार कुठल्याही ठाण्यात द्या, ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करा. मात्र त्याच कलमानं तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची पळवाटही ठेवली.

मग ठाणी लिहून का घेत नाहीत? कारण लिहिलं की आकडा वाढतो. आकडा वाढला की पेपरात 'गुन्हेगारीत वाढ', विधिमंडळात प्रश्न आणि आढावा बैठकीत प्रभारी अधिकाऱ्याची खरडपट्टी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. किती बग नोंदले गेले यावरून टीमला जोखायचं ठरवलं, तर बग कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागसुद्धा आपल्या वार्षिक अहवालात बजावतो, की नोंदींत वाढ म्हणजे गुन्ह्यांत वाढ नव्हे. तरी आपण दरवर्षी तेच आकडे घेऊन पोलिसांना झोडपतो.

मनुष्यबळ कमी आहे, खोट्या तक्रारी येतात, हे खरं आहे. पण नोंद म्हणजे अटक नव्हे. हा फरक ललिताकुमारी निकालातच आहे. तक्रार खोटी असेल तर तपासात खोटी ठरवा, टेबलावर नव्हे. आणि कामाची नोंदच नसेल, तर जादा माणसं कशाच्या आधारावर मागणार?

आपल्यासारख्यांनी यावर आपला तोडगा काढलाय: ओळख. सोसायटीच्या ग्रुपवर 'पोलिसांत कुणी आहे का?' असं विचारायचं. फोन गेला की तीच तक्रार दहा मिनिटांत दखलपात्र होते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींकडे असा नंबर नसतो. त्यांना झालेली मारहाण 'घरगुती मामला' ठरते. पारध्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी आजही संशयित म्हणून त्यांचं नाव चटकन लिहिलं जातं. फिर्यादी म्हणून लिहायची वेळ आली की पेन सापडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला, गुन्हा दखलपात्र आहे की नाही हे ठरण्याआधी, तारीख, वेळ आणि क्रमांक असलेली पोच मिळाली पाहिजे. बँकेत टोकन मिळतं, इथे का नाही? महिन्याअखेर पोच किती, एफआयआर किती, नकार किती आणि कोणत्या कारणानं, हे ठाण्याबाहेरच्या फलकावर लागलं पाहिजे. अधिकाऱ्याला जोखायचं ते यावर. गुन्हे किती कमी दाखवले यावर नव्हे.

आणि तोवर आपण एक करू शकतो. पुढच्या वेळी ओळखीचा नंबर शोधण्याआधी लेखी तक्रार द्या, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मावशींना जायची वेळ आली, तर त्यांच्यासोबत जा.