बदलाची पहिली चाहूल

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर प्रथम गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, आणि पुढे मानेसर लागते. मारुती मोटारींचे दोन मोठे कारखाने याच पट्ट्यात उभे राहिले. बदलत्या काळात व्यवसायाचे नेतृत्व कसे करावे, यावर आजवर विपुल लेखन झाले आहे. परंतु योग्य वेळी घेतलेला निर्णय आणि वेळेवर न ऐकलेली तक्रार, या दोहोंचे धडे एकाच संस्थेच्या इतिहासात पाहावयाचे असतील, तर या दोन कारखान्यांसारखे उदाहरण विरळाच.

‘मारुती उद्योग’ ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला मोटारीची किल्ली मिळाली. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्या नेतृत्वाखाली या कारखान्यात एक वेगळी रीत रुजली. अधिकारी आणि कामगार यांचा गणवेश एकच, उपाहारगृह एकच, आणि कार्यालयात बंद खोल्यांऐवजी मोकळी बैठकव्यवस्था. अधिकाऱ्याचा हुद्दा त्याच्या केबिनच्या आकारावरून ओळखला जाण्याच्या त्या काळात हा बदल लहान नव्हता. त्यात समतेचा भाग होताच. पण व्यवहाराचाही होता. जेथे साहेब आणि कामगार एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात, तेथे यंत्राचा बिघाड किंवा मनातील नाराजी वर पोहोचण्यास अर्जाची वाट पाहावी लागत नाही.

पुढील दीड दशक मारुतीला भरभराटीचे गेले. प्रवासी मोटारींच्या बाजारपेठेत तिचा हिस्सा ऐंशी टक्क्यांच्याही वर गेला. महाराष्ट्रात एकेकाळी ‘चेतक’ स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली जाई, तशीच मारुतीच्या दारीही ग्राहकांची रांग होती. ग्राहकच रांगेत उभा असला, की दुकानदाराला त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. भरभराटीचा खरा धोका हाच!

१९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका या तीन गाड्या बाजारात आल्या. मारुतीचा हिस्सा घसरू लागला. २००० च्या उत्तरार्धात गुडगावच्या कारखान्यात कामगारांचे आंदोलन झाले. २०००-०१ या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे २६९ कोटी रुपयांचा तोटा सोसावा लागला.

त्या वेळी व्यवस्थापकीय संचालक असलेले जगदीश खट्टर आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे किमती उतरवून स्पर्धकांशी झुंजत राहणे, हा एक मार्ग होता. किमती उतरवल्याही गेल्या. पण कंपनी तेथेच थांबली नाही. मोटार घ्यावयास आलेल्या माणसाजवळ विकावयाची जुनी गाडी असते, त्याला कर्ज लागते, विमा लागतो आणि कित्येकदा गाडी चालविताही येत नसते. या प्रत्येक गरजेला कंपनीने उत्तर शोधले. जुन्या गाड्यांसाठी २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू झाले. बँकांशी कर्जव्यवस्था, विमा आणि वाहनचालनाच्या शाळा यांची जोड मिळाली. २००३ मध्ये कंपनीचे समभाग जनतेसाठी खुले झाले आणि २००५ मध्ये ‘स्विफ्ट’ने तरुण ग्राहक खेचून आणला. ग्राहकाच्या या गरजा विक्रेत्याच्या दुकानात रोजच बोलल्या जात होत्या. नेतृत्वाने त्या ऐकल्या, हेच त्या निर्णयांचे मोठेपण.

ही यशोगाथा येथे संपविता आली असती, तर बरे झाले असते. २००७ मध्ये मानेसरचा कारखाना सुरू झाला. मागणी वाढत होती, कामाचा वेग वाढत होता, आणि कायम कामगारांच्या बरोबरीने, मात्र कमी वेतनावर, कंत्राटी कामगार राबत होते. २०११ मध्ये स्वतंत्र संघटनेच्या मागणीवरून तेथे वारंवार संप झाले. अखेर १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार उसळला. त्यात मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकांना प्राण गमवावे लागले आणि कारखाना सुमारे महिनाभर बंद राहिला. अशा हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. २०१७ मध्ये न्यायालयाने तेरा जणांना जन्मठेप दिली. ११७ जणांची निर्दोष मुक्तताही केली. कायद्याने आपले काम केले, पण नेतृत्वापुढचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. ग्राहकाचे मन अचूक वाचणाऱ्या संस्थेला आपल्याच माणसांचे मन वर्षभर आधी का वाचता आले नाही? गणवेश एकच होता, उपाहारगृहही एकच होते. मात्र संवादाची जागा रिवाजाने घेतली असावी. घटनेनंतर कंत्राटी भरतीची पद्धत बदलण्याचे कंपनीने जाहीर केले. हे वरातीमागून घोडे होते.

सर्वांचे ऐकत बसल्यास निर्णय लांबतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. १९९८ नंतर विलंब परवडणारा नव्हताच. परंतु सर्वांचे ऐकणे म्हणजे सर्वांचे मत घेऊन निर्णय करणे नव्हे. निर्णयाची जबाबदारी एकाचीच असू शकते. माहिती मात्र एकट्याची कधीच नसते.

बँकेच्या व्यवहारातही हे रोज अनुभवास येते. फरिदाबाद किंवा पिंपरी-चिंचवड येथील एखादा लघुउद्योजक मोटारींचे सायलेन्सर तयार करतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीला त्या सायलेन्सरची गरज नसते. मागणी घटू लागली, की कारखान्यातील फोरमनला ते प्रथम जाणवते. मग खात्यातील उलाढाल मंदावते आणि ती शाखेतील लिपिकाच्या नजरेस येते. ताळेबंदात हे उमटेपर्यंत वर्ष उलटते. त्या वर्षाच्या आत मालकाने फोरमनला आणि शाखाधिकाऱ्याने लिपिकाला विचारले, तर नवे उत्पादन, नवी यंत्रसामग्री, कर्जाची फेररचना असे मार्ग खुले असतात. वर्ष उलटल्यावर उरते ती थकबाकी, आणि घरी बसलेले कामगार.

बदलाची पहिली चाहूल नेहमी तळच्या पायरीवर लागते. ती वरच्या मजल्यावर आपोआप पोहोचत नाही. तेथे बसणाऱ्याने रोज चार पायऱ्या उतरण्याची सवय ठेवली, तर तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ त्याच्यावर आणि त्याच्या माणसांवरही सहसा येणार नाही.