चिमणी राहिली, माणसाचे काय?

कारखाना बंद पडला म्हणजे तीन गोष्टी मागे उरतात : जमीन, इमारत आणि माणूस. जमिनीला गिऱ्हाईक तात्काळ मिळते. इमारतीला, तिचे नशीब चांगले असेल तर, कदर करणारा एखादा वास्तुशिल्पज्ञ भेटतो. माणसाच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तोच आज आम्ही विचारणार आहोत.

इटलीतील तुरीन शहरी फियाट कंपनीचा लिंगोत्तो नावाचा कारखाना आहे. १९१६ साली त्याचे बांधकाम सुरू झाले व १९२३ साली त्याचे उद्घाटन झाले. इमारत पाच मजली आणि सुमारे अर्धा किलोमीटर लांब. कच्चा माल तळमजल्यावर आत यावा, मोटार एकेक मजला चढत घडत जावी आणि तयार होऊन थेट गच्चीवर निघावी, अशी त्याची रचना होती. गच्चीवरच मोटारींच्या चाचणीचा वर्तुळाकार रस्ता बांधलेला होता! त्या काळी जगाने या करामतीकडे तोंडात बोट घालून पाहिले. परंतु यंत्रयुगाला कृतज्ञता ठाऊक नसते. १९३९ साली त्याच शहरात त्याच कंपनीचा मिराफिओरीचा विस्तीर्ण कारखाना उघडला आणि माल वर वर चढविण्याची जुनी पद्धत गैरसोयीची ठरू लागली. अखेर १९८२ साली लिंगोत्तोचे दरवाजे बंद झाले.

पुढे काय घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. इमारत पाडून जमीन विकून टाकण्याचा सोपा मार्ग तेथे कोणी धरला नाही. नामांकित वास्तुशिल्पज्ञांकडून वीस आराखडे मागविण्यात आले आणि १९८४ साली ते लोकांपुढे मांडण्यात आले. काम रेन्झो पियानो यांच्याकडे गेले. १९९२ साली तेथे प्रदर्शन केंद्र सुरू झाले, १९९४ साली संगीत आणि परिषदांसाठी भव्य सभागृह उघडले. तुरीनचा पुस्तक मेळा आज तेथेच भरतो. तंत्रशिक्षणाचे वर्ग आले, २००२ साली चित्रसंग्रहालय आले, आणि २०२१ साली गच्चीवरील त्या रस्त्याच्या कडेने हजारो झाडांची बाग फुलली.

यात जादू काहीच नाही. कारखान्याला जे लागते तेच प्रदर्शनाला लागते : मोठे छत, भरपूर उजेड, जड ओझे पेलणारी जमीन, मालगाडी आत येईल असा रस्ता आणि हजारो माणसांची ये-जा सोसणारी दारे. म्हणून बंद कारखाना हे मढे आहे, ते पुरून टाकावे, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. त्यांची नजर इमारतीवर नसते, तिच्याखालच्या जमिनीवर असते.

तथापि लिंगोत्तोची आरती ओवाळून आम्ही थांबणार नाही. तेथे दुकानांची रांग आहे, हॉटेल आहे, काचेची सभाकक्षही आहे. परंतु ज्या हातांनी तेथे मोटारी घडविल्या ते हात या नव्या व्यवहारात नाहीत. १९८० साली फियाटमध्ये ३५ दिवसांचा संप झाला, तो कामगार हरले आणि सुमारे २३ हजार जणांना घरी बसावे लागले. एवढे खरे की, सरकारी वेतन-साहाय्य निधीचा आधार त्यांना होता. इमारत वाचविणे हे अर्धे पुण्य; माणूस वाचविणे हे उरलेले अर्धे. तुरीनने पहिले अर्धे साधले.

आणि आमच्या मुंबईने? ज्या १९८२ साली लिंगोत्तो बंद झाला त्याच वर्षी १८ जानेवारीस गिरणगावात संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना पुन्हा भोंगा ऐकू आलाच नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. पण २००१ साली नियमातील मोजके शब्द बदलले. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होईल, इमारतीखालच्या जमिनीची नाही, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तुरीनचे आराखडे लोकांसमोर टांगले गेले, मुंबईचा आराखडा एका पोटकलमात दडविला गेला! जेथे पहाटे भोंग्याबरोबर पाळी सुरू होई तेथे आज काचेचे मनोरे आहेत. लोअर परळच्या एका व्यापारी संकुलात गिरणीची चिमणी अजून उभी आहे, शोभेला. घराच्या आशेने अर्ज करणाऱ्या गिरणी कामगारांची व त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखांच्या घरात गेली, आणि त्यांच्यापैकी अनेकांना घरे कोठे, तर मुंबईबाहेर शेलू-वांगणीस, असा प्रस्ताव पुढे आला. चिमणीला जागा परळमध्ये, कामगाराला वांगणीत!

इंदूरच्या मराठी मंडळींना हा न्याय नवा नाही. तेथील हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या हक्काच्या सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी निघाला. बत्तीस वर्षे! तोवर कित्येकांच्या तिरड्या उठून गेल्या होत्या. हक्काचा पैसा वारसांच्या हाती पडावा, त्याला देणे म्हणावे की श्राद्ध?

कोणी म्हणेल, रिकामी इमारत ठेवून कोणाचे पोट भरते? खरे आहे. आम्ही पडक्या भिंतींचे पुजारी नाही. त्यांत प्रदर्शने भरोत, परिषदा होवोत, दुकानेही उघडोत. आमचे म्हणणे एवढेच की क्रम चुकता कामा नये. आधी कामगाराचे देणे, मग मालकाचा नफा. लोकांचा वाटा जमिनीच्या एकूण मापावर लिहिलेला असावा, उरल्यासुरल्या तुकड्यावर नव्हे. आराखडा सहीपूर्वी गावासमोर यावा, सहीनंतर नव्हे. आणि नव्या वास्तूत एक दालन असे असावे की जेथे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव, त्याची हत्यारे आणि त्याची पाळी त्याच्या नातवाला दाखविता येईल.

आपल्या गावाच्या वेशीवर कुलूप लागलेला एखादा कारखाना असेल, तर आजच तेथे जाऊन पाहा. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे विचारा. आपण विचारले नाही, तर उत्तर दुसराच कोणी लिहील, आणि ते आपल्याला उद्घाटनाच्या पाटीवर वाचावे लागेल.